नवरीचा फोटो रिटच करा, पण ओरिजिनलला हात न लावता

मे महिन्यातलं खान्देशातलं लग्न म्हणजे पारा ४४ च्या आसपास, मंडपातला कूलर असून नसल्यासारखा, आणि फ्लॅश पडला की नवरीचं कपाळ चमकलंच. रिटच करावाच लागतो. पण पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, आधी म्हणते "भाऊ, पोरीला जरा उजळ करा" आणि प्रिंट हातात पडली की "भाऊ, हाई मनी पोर शे का?" (ही माझीच पोर आहे का?) म्हणून बॅकग्राउंड लेयरवर, म्हणजे मूळ फोटोवर, डायरेक्ट ब्रश मारायचाच नाही; त्याच्यावर काचेसारख्या वेगळ्या लेयर (थर) ठेवून त्यांच्यावर काम करायचं. फोटोशॉप घ्या नाहीतर ब्राउझरमध्ये फुकट चालणारं फोटोपी, पद्धत तीच, शॉर्टकट आणि मेनूची नावं मात्र इथे फोटोशॉपची आहेत, फोटोपीत काही वेगळी असतात.

आधी पुटकुळ्या-डाग. बरेच जण कंट्रोल जे मारून पूर्ण फोटोची कॉपी काढतात, चालतं, पण फाईल उगाच फुगते. त्यापेक्षा कंट्रोल शिफ्ट एन करून रिकामी लेयर घ्या, हीलिंग ब्रशला (बाजूची त्वचा घेऊन डाग झाकणारा ब्रश) वर सॅम्पलमध्ये 'करंट अँड बिलो' निवडा आणि त्या लेयरवर काम करा. 'ऑल लेयर्स' नको, कारण वर कर्व्ह्ज (उजेड कमी-जास्त करणारी लेयर) लावलेले असले तर तो उजेडही डागाच्या जागी चिकटतो आणि मग कर्व्ह्ज परत त्याच्यावर लागतात, म्हणजे ठिगळ दिसणार. तीळ मात्र काढू नका हो, विचारल्याशिवाय.

घामाच्या चकाकीला अजून एक रिकामी लेयर, त्या लेयरचा मोड डार्कन, मग क्लोन स्टॅम्प (एका जागेची त्वचा दुसरीकडे छापणारं टूल), त्याची ओपॅसिटी, म्हणजे गडदपणा, १५-२० टक्के, सॅम्पल तेच. बाजूची चांगली त्वचा ऑल्ट दाबून उचला आणि हलक्या हाताने फिरवा, डार्कनमुळे फक्त उजळ भागच दबतो. पूर्ण घालवू नका, थोडी चमक पाहिजेच, नाहीतर चेहरा भिंतीला प्रायमर मारल्यासारखा दिसतो.

आता हळद, इथे खरी गंमत आहे. आदल्या दिवशीची हळद निघालेली नसते आणि कॅमेऱ्यात चेहरा पिवळा येतो. ह्यू-सॅच्युरेशनची ॲडजस्टमेंट लेयर (मूळ फोटो न बदलता वरून रंग बदलणारी) घ्या, यलो निवडून सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, खाली आणा. आता झेंडूचे हारही फिके पडले ना? मास्कवर, म्हणजे त्या लेयरला जोडलेल्या पांढऱ्या चौकोनावर, क्लिक करून कंट्रोल आय, मास्क काळा झाला की इफेक्ट गायब, मग मऊ पांढऱ्या ब्रशने फक्त चेहरा, मान आणि हात रंगवा. जास्त पसरलं तर एक्स दाबून काळ्या ब्रशने मागे घ्या. इरेजरची गरजच नाही. आणि हळदीच्या फोटोत हे करायला जाऊ नका, तिथे पिवळं पाहिजेच.

उजळ करायचंच असेल तर कर्व्ह्जची लेयर, मधला भाग थोडा वर, मास्क तसाच. मान विसरलात तर चेहरा वेगळा चिकटवल्यासारखा दिसेल. पार्टी परत आली की या लेयरची ओपॅसिटी ६० वरून २० करा, मिनिटात काम, बाकी काहीच हलत नाही.

लेयरला नावं द्या, डाग, घाम, हळद, उजेड, अशी साधी. सेव्ह पीएसडीमध्येच (लेयर जपणारी फोटोशॉपची फाईल), फ्लॅटन, म्हणजे सगळ्या लेयर एकत्र, करायचं नाही, लॅबला जेपीजी लागते ती 'सेव्ह अ कॉपी'ने वेगळी काढा, जेपीजीत लेयर राहत नाहीत. पीएसडी २ जीबीच्या वर सेव्ह होत नाही, अल्बमचं १२ बाय ३६ चं शीट तेवढं जड झालं तर पीएसबी (मोठ्या फाईलींसाठीचा तसाच फॉरमॅट) करा.