वेबसाइट करून देताना या चुका टाळा: डोमेनच्या मालकीपासून दरपत्रकापर्यंत

कोल्हापुरात वेबसाइटची कामे बहुधा ओळखीतून मिळतात. गुजरीतला सराफ उद्यमनगरातल्या कारखानदाराला वेबसाइट करणाऱ्याचे, म्हणजे आपले, नाव सुचवतो, चहा होतो आणि काम शब्दावर सुरू होते. तक्रारी मात्र वर्षभराने येतात आणि माझ्या अनुभवात त्यांतल्या फार थोड्या डिझाइनच्या असतात. बाकीच्यांचे मूळ पहिल्या बैठकीत न विचारलेल्या एखाद्या प्रश्नात सापडते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे ग्राहकाचे डोमेन (साइटचे इंटरनेटवरचे नाव) आपल्याच खात्यात नोंदवणे. ग्राहकाला ओटीपीची कटकट नको असते, आपल्यालाही घाई असते. सुरुवातीच्या काळात एका चप्पल व्यापाऱ्याचे डोमेन मी असेच घेतले होते. पुढे माझे कार्ड बदलले, नूतनीकरणाच्या सूचना मी उघडतही नसलेल्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर साइट बंद पडली. डॉट कॉम नाव मुदत संपताच कायमचे जात नाही. रजिस्ट्रार (डोमेन नोंदवून देणारी कंपनी) देतो ती सवलतीची मुदत सरल्यावर ते हटवले गेले, तरी पुढे ३० दिवस सोडवून घेता येते. मात्र त्याचे शुल्क नेहमीच्या नूतनीकरणाच्या कित्येक पट असते. त्यानंतर ५ दिवसांनी ते नाव कोणीही घेऊ शकतो. ते शुल्क मी निमूटपणे भरले. तेव्हापासून डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा) दोन्ही ग्राहकाच्या नावे, त्याच्याच ईमेलवर घेतो आणि पहिल्या वर्षाच्या सवलतीच्या दरासोबत दुसऱ्या वर्षीचा दरही कोटेशनमध्ये लिहितो.

होस्टिंग बदलल्यावर साइट नीट दिसते, पण दुपारी फोन येतो, ‘सकाळपासून एकही ईमेल आलेला नाही.’ नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर, बदलले की डीएनएसच्या (साइट आणि ईमेल कुठे आहेत ते सांगणाऱ्या) साऱ्या नोंदी नव्या ठिकाणाहून वाचल्या जातात आणि तिथे ईमेल कुठल्या सर्व्हरवर पोहोचवायचे ते सांगणारी जुनी एमएक्स नोंद नसेल तर टपाल येणार कुठून? पत्र खरोखर आपल्याच डोमेनवरून आले हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी राहून गेल्या, तर पाठवलेली पत्रे स्पॅममध्ये जातात. ज्या फाउंड्रीच्या ऑर्डरी ईमेलवर येतात, तिथे हा विनोदाचा विषय नसतो. फक्त साइट हलवायची असेल, तर नेमसर्व्हरला हात न लावता साइटच्या सर्व्हरचा पत्ता सांगणारी ए नोंद तेवढी बदलावी. आदल्या दिवशी तिचा टीटीएल (बदलानंतरही जुनी नोंद किती वेळ वापरली जाईल ती मुदत) ३०० सेकंदांवर आणून ठेवावा आणि सगळ्या नोंदींची प्रत आधी जपून ठेवावी.

मराठी मजकुराच्या चुका इंग्रजी मार्गदर्शनात सापडत नाहीत. ग्राहक जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखीच वाचली जाणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले माहितीपत्रक देतो. ते चिकटवले की निरर्थक अक्षरे उमटतात, म्हणून आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत. साइट हलवल्यावर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे दिसली, तर डेटाबेसचा कॅरेक्टर सेट (अक्षरे साठवण्याची पद्धत) पाहावा. तो यूटीएफ८एमबी४ (utf8mb4) असायला हवा. मात्र प्रश्नचिन्हे डेटाबेसमध्येच साठवली गेली असतील, तर मूळ मजकूर बॅकअपमधूनच परत आणावा लागतो. शीर्षकाला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधले वाढीव अंतर) दिले की शिरोरेषा तुटते आणि ओळीची उंची कमी ठेवली की वेलांट्या व उकार एकमेकांत अडकतात. इंग्रजी थीम जशीच्या तशी उचलणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही.

बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवणे म्हणजे किल्ली कुलपालाच लटकवणे. दुसरी प्रत तळमजल्यावरच्या हार्ड डिस्कमध्ये ठेवून निश्चिंत होणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर आठवावा. एक प्रत शहराबाहेर, क्लाउडवर हवी आणि ती उघडते का, हे मधूनमधून पाहायला हवे.

आता दर. ‘समोरचा ८,००० मध्ये करतो’ हे ऐकून आकडा खाली आणण्यापूर्वी स्वतःचा हिशेब मांडावा. महिन्याला वीज, इंटरनेट, घरखर्च आणि बचत धरून ४५,००० रुपये लागत असतील आणि भेटीगाठी, फोन, वसुली वजा जाता बिल लावण्याजोगे ९० तास उरत असतील, तर तासाचे ५०० रुपये पडतात. पाच पानांच्या साइटला ४० तास लागले, तर तिची किंमत २०,००० होते. ८,००० घेतले तर तासाला २०० रुपयेच हाती येतात. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, दुरुस्त्यांच्या फेऱ्या दोनच ठरवाव्यात. उरलेली रक्कम ‘साइट सुरू झाल्यावर’ असे लिहू नये, कारण ग्राहकाकडून फोटोच येत नाहीत आणि तयार साइट महिनोन्महिने पडून राहते. त्याऐवजी हप्ते तारखांना बांधावेत. वार्षिक देखभालीचे शुल्क वेगळे सांगावे. ते सांगितले नाही, तर सणासुदीचे बॅनर बदलणे आयुष्यभर फुकट करावे लागते.

ओळखीखातर सवलत द्यायला हरकत नाही. मात्र कोटेशनमध्ये पूर्ण रक्कम लिहून सवलत खाली वेगळ्या ओळीत दाखवावी, म्हणजे त्या ओळखीच्या ग्राहकाने पाठवलेला पुढचा ग्राहक कमी केलेल्या आकड्यापासून घासाघीस सुरू करणार नाही.