ऑक्टोबरमधील वादळी पावसाचे विश्लेषण : पुण्याच्या नकाशावर दोन हवांची सीमारेषा कशी शोधावी

सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पुण्यातल्या पावसाची चाल बदलते. जुलैमधली दिवसभराची रिपरिप संपते. दुपारपर्यंत रणरणते ऊन असते, चारच्या सुमारास पूर्वेकडे ढग चढू लागतात आणि हडपसरला रस्ते तुंबलेले असताना कोथरूडमध्ये अंगणात धूळ उडत असते. जुन्या लोकांचा ‘हत्तीचा पाऊस’ तो हाच. अशा एखाद्या दिवशी पाच-सहा गडगडाटी ढग एकामागून एक तयार झाले, तर त्या घटनेचे नीट विश्लेषण कसे करावे, हे येथे सांगायचे आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजकडून आलेल्या पाण्याने आंबिल ओढ्याच्या काठची घरे वाहून नेली आणि माणसे गेली. पाऊस कोणत्या बाजूला सुरू झाला आणि पाणी कोणत्या बाजूला उतरले, हा या शहरात जिवाशी निगडित असलेला प्रश्न आहे.

बहुतेक जण ‘किती पडला’ येथून सुरुवात करतात. माझ्या मते पहिला प्रश्न ‘सीमारेषा कोठे होती’ हा असावा. समशीतोष्ण प्रदेशांत शरद ऋतूतली वादळे बहुधा थंड आणि उबदार हवेच्या सीमेवर रांगेने उभी राहतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात नॉर्वेतील बर्गन येथे याकोब ब्यर्कनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सीमेची मांडणी केली आणि युद्धातल्या आघाडीवरूनच तिला ‘फ्रंट’ हे नाव मिळाले. पुण्यात त्या अर्थाचा फ्रंट येत नाही. येथे दोन्ही बाजूंच्या तापमानात फारसा फरक नसतो, उलट कोरडी बाजू दुपारी अधिक तापलेली असते. फरक असतो तो बाष्पात आणि वाऱ्याच्या दिशेत. मोसमी पाऊस साधारण 17 सप्टेंबरपासून पश्चिम राजस्थानातून परतू लागतो आणि त्याच्यामागून उत्तरेकडची कोरडी हवा महाराष्ट्रात शिरते, तर आग्नेयेकडून बंगालच्या उपसागरावरची दमट हवा अजून येतच असते. या दोन हवा जेथे भिडतात, त्या पट्ट्याला हवामान खात्याच्या भाषेत ‘वाऱ्याची खंडितता’ किंवा ‘द्रोणीय रेषा’ म्हणतात. दुपारनंतर घाट चढून येणारा अरबी समुद्राचा वारा ही तिसरी बाजू असते, आणि पुण्याच्या बाबतीत ती विसरून चालत नाही.

नकाशा हाती घेण्यापूर्वी वेळेचा हिशेब पक्का करावा. विमानतळांची निरीक्षणे, उपग्रहाची चित्रे आणि उंचावरची हवा मोजण्यासाठी सोडलेल्या फुग्यांच्या नोंदी आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत असतात, त्यामुळे प्रत्येक नोंदीत साडेपाच तास मिळवून ती भारतीय वेळेत लिहून घ्यावी. याहून फसवी गोष्ट पावसाच्या तारखेची आहे. चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजला जातो आणि त्याच दिवसाच्या नावावर लिहिला जातो, म्हणजे 4 तारखेच्या संध्याकाळचा पाऊस 5 तारखेच्या रकान्यात दिसतो. ऑक्टोबर 2010 च्या पहिल्या आठवड्यात शिवाजीनगरला एका संध्याकाळच्या वादळात 181 मिलिमीटर पाऊस झाला. अशा घटनेचा अभ्यास करताना तारीख एका दिवसाने सरकली, तर पुढचे सगळे चुकते. सुरुवातीच्या काळात माझ्याकडून नेमके हेच झाले होते. पाऊस पडून गेल्यानंतरच्या दिवसाचा नकाशा समोर ठेवून मी सीमारेषा शोधत बसलो, आणि ती सापडेना तेव्हा निरीक्षणांवरच संशय घेतला. तेव्हापासून वहीच्या पहिल्या ओळीत मी तारीख, भारतीय वेळ आणि मोजणीची वेळ अशा तिन्ही गोष्टी लिहितो.

आता नकाशा. संगणकावर तयार नकाशे मिळत असले, तरी पहिला नकाशा स्वतःच्या हाताने काढावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण आकडा लिहिताना नजर त्या ठिकाणी थांबते. सकाळी साडेआठ, साडेअकरा आणि दुपारी अडीच या तीन वेळांसाठी तीन कागद घ्यावेत. त्यांवर मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, नाशिक, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, बारामती, सातारा, महाबळेश्वर, लोहगाव आणि शिवाजीनगर ही ठिकाणे मांडून प्रत्येकाचे तापमान, दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत गार झाल्यावर बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान; ते जितके जास्त, तितके बाष्प अधिक), वाऱ्याची दिशा आणि वेग लिहावा. महाबळेश्वर उंचावर असल्याने तेथील तापमानाची तुलना इतरांशी थेट करू नये. मग हिरव्या पेन्सिलीने दर दोन अंशांना समान दवबिंदूच्या रेषा काढाव्यात. समजा, अडीच वाजता सोलापूर आणि बारामतीला दवबिंदू 22 अंश, पुण्यात 21, अहिल्यानगरला 18 आणि नाशिकला 14 आहे, तर हिरव्या रेषा पुण्याच्या उत्तरेला दाटीने जवळ आलेल्या दिसतील. त्या दाटीच्या दमट कडेजवळ वाऱ्याचे बाण पाहावेत. दक्षिणेकडे पूर्व-आग्नेय वारा आणि उत्तरेकडे उत्तर-वायव्य वारा असेल, तर तांबड्या पेन्सिलीने रेषा तेथेच ओढावी. नुसता दवबिंदूचा फरक किंवा नुसता वाऱ्याचा फरक पुरेसा मानू नये, कारण एखाद्या केंद्राजवळचे धरण किंवा ओलिताचे शेतही दवबिंदू अंशभर वाढवते.

तिन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावले, की रेषा कोणत्या बाजूला सरकत आहे ते दिसते. दुपारी अडीचनंतर पश्चिमेचा वारा पुण्यापर्यंत पोहोचला का, हे पाहण्यासाठी लोहगावची अर्ध्या तासाची निरीक्षणे उपयोगी पडतात. पूर्वेकडचा वारा अचानक पश्चिमेकडून वाहू लागला आणि दवबिंदू दोन-तीन अंशांनी बदलला, तर दुसरी सीमारेषाही शहराजवळ आली आहे, असे समजावे. दोन रेषा जेथे एकमेकींना छेदतात, तेथे पहिला ढग फुटण्याची शक्यता सर्वाधिक असते, असा माझा अनुभव आहे.

रेषा ‘कोठे’ सांगते, पण ‘किती जोमाने’ हे उंचावरच्या हवेवर ठरते. त्यासाठी फुग्याची सकाळी साडेपाचची नोंद टेफिग्रामवर, म्हणजे उंचीनुसार तापमान आणि बाष्प दाखवणाऱ्या आलेखावर, मांडावी. ही नोंद जशीच्या तशी वापरण्याची चूक फार जण करतात. पहाटे जमिनीलगतची हवा गार असल्यामुळे त्या वेळी काढलेली केप, म्हणजे वर चढणाऱ्या हवेला मिळू शकणारी उत्प्लावक ऊर्जा, जवळजवळ शून्य दिसते. म्हणून जमिनीवरचे तापमान आणि दवबिंदू खोडून तेथे दुपारचे आकडे घालावेत. तापमान 32 आणि दवबिंदू 21 असेल, तर फरक 11 अंशांचा. प्रत्येक अंशाला साधारण 125 मीटर धरले, तर ढगाचा तळ जमिनीपासून सुमारे 1375 मीटरवर येतो. पुणे समुद्रसपाटीपासून 560 मीटरच्या आसपास आहे, म्हणजे हा तळ सिंहगडाच्या माथ्याहून बराच वर राहील. तापमान 30 आणि दवबिंदू 23 असेल, तर मात्र तो 875 मीटरवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून 1435 मीटरवर येतो, आणि साधारण 1300 मीटर उंचीच्या सिंहगडावरील दूरदर्शनच्या मनोऱ्यावर ढगाची काळी सपाट कड अगदी टेकल्यासारखी दिसते. ती कड इतकी खाली दिसली, की त्या दिवशी जमिनीलगत बाष्प भरपूर आहे, हे कोणत्याही यंत्राविना कळते. असा ढग वर चढताना कमी कोरड्या हवेतून जातो आणि त्यातून पडणारा पाऊस वाटेत कमी सुकतो.

नवा आकडा घातल्यानंतर केप 1500 ते 2500 ज्यूल प्रतिकिलोग्रॅम आली, तर उंच ढगांसाठी ती पुरेशी समजावी. त्याबरोबर दीड ते तीन किलोमीटर उंचीवर उबदार हवेचे झाकण आहे का, हेही पाहावे, कारण पुण्यात अनेकदा ऊर्जा असते, पण झाकण उघडत नाही आणि दिवस उकाड्यातच संपतो. झाकण उघडण्याचे काम तांबडी रेषा करते. संध्याकाळी साडेपाचची नोंद वापरताना आणखी एक काळजी घ्यावी. त्याआधी पुण्यावर वादळ येऊन गेले असेल, तर फुगा पावसाने गारावलेल्या हवेतून वर गेलेला असतो, आणि ती नोंद वादळाच्या आधीची स्थिती दाखवत नाही.

उपग्रह आणि रडार यांकडे यानंतर वळावे. इन्सॅटच्या अवरक्त चित्रांत ढगमाथ्याचे तापमान अर्ध्या-अर्ध्या तासाने उतरत गेलेले पाहून वहीत लिहावे. एका तासात ते उणे 20 वरून उणे 60 अंशांवर गेले असेल, तर ढग झपाट्याने वाढला. मुंबईचे रडार पुण्यापासून सरळ रेषेत सुमारे 120 किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे अर्ध्या अंशावर सोडलेला किरणही पुण्यावर पोहोचेपर्यंत समुद्रसपाटीपासून दोन किलोमीटरच्या आसपास वर गेलेला असतो, आणि सह्याद्रीचा माथा त्याचा काही भाग वाटेत अडवतो. त्यामुळे त्या पडद्यावर पुण्याचा ढग दिसतो, पण त्याच्या पायाशी काय चालले आहे, ते दिसत नाही. विजांच्या नोंदींसाठी आयआयटीएम या पुण्यातील हवामान संशोधन संस्थेचे दामिनी ॲप वापरावे.

पायाशी जे चालते, तेच या घटनांतले सर्वांत मोलाचे आहे. पाऊस पडू लागला की ढगातून गार हवा खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. गच्चीवर उभे राहिल्यास ती आधी वासाने कळते: ओल्या मातीचा वास येतो, वाळत घातलेले कपडे उलट्या दिशेला फडफडू लागतात, आणि दहा-पंधरा मिनिटांत तापमापीचा पारा 31 वरून 23 वर येतो. वायुदाब मात्र एक-दोन हेक्टोपास्कलने चढतो. हा झोत म्हणजे नवी, छोटी आघाडीच असते, आणि ती समोरच्या दमट हवेखाली शिरून पुढचा ढग उभा करते. म्हणून प्रत्येक केंद्रावर तापमान कोसळल्याची आणि दाब चढल्याची वेळ शोधून ती नकाशावर लिहावी, आणि दर पंधरा मिनिटांची रेषा निळ्या पेन्सिलीने जोडावी. लोहगावला झोत 4 वाजून 40 मिनिटांनी आणि शिवाजीनगरला 5 वाजता आला असेल, तर अंतर आणि वेळ यांवरून त्याचा वेग निघतो. ऑक्टोबरमध्ये उंचावरचे वारे पूर्वेकडून असतील, तर ढग पश्चिमेकडे सरकतात, पण झोत दक्षिणेला कात्रजच्या डोंगराकडेही जातो आणि तेथील चढावर नवा ढग उभा राहू शकतो. मूळ ढग शहरावर ओसरत असताना ओढ्यांच्या उगमाकडे दुसरा ढग वाढत असतो. याच कारणाने, शहरात पाऊस थांबल्याची वेळ ही घटनेची अखेर म्हणून लिहू नये.

शेवटी पर्जन्यमापकांचे आकडे निळ्या रेषांवर ठेवावेत. घरचा पर्जन्यमापक भिंतीपासून तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावा, आणि वादळाच्या दिवशी वीज लांब गेल्यानंतरच बाहेर जाऊन मोजणी करावी. तासाला 100 मिलिमीटरचा निकष पूर्ण होत नसेल, तर ‘ढगफुटी’ हा शब्द वापरू नये. मग दुपारी ओढलेली तांबडी रेषा, झोतांच्या निळ्या रेषा आणि सर्वाधिक पावसाचा पट्टा यांच्यातले अंतर किलोमीटरमध्ये मोजून लिहावे. पट्टा तांबड्या रेषेपासून दूर असेल, तर ती रेषा न खोडता तशीच ठेवावी आणि पहिल्या गडगडाटाच्या वेळेपासून झोतांचा क्रम पुन्हा एकदा तपासावा.