सायलेन्सर बसवायच्या आदल्या दिवशी

गाडीखाली घुसायचं रविवारी, पण जोड फुंकणार की नाही, म्हणजे फटीतून धूर सोडणार की नाही, हे शनिवारी संध्याकाळपर्यंत ठरून गेलेलं असतं. मला हे कळायला एक पॅकिंग (दोन पाइपांच्या जोडात दाबून बसवायची चकती, गॅस्केट) आणि बरंच पेट्रोल खर्ची पडलं. माझ्या पेट्रोल स्विफ्टला बाजारातला सायलेन्सरचा स्टीलचा सेट घेतला आणि हायवेलगतच्या एका गॅरेजात बसवून घेतला. जुनंच पॅकिंग पुसून परत लावलं गेलं. मी शेजारी चहा पीत उभा होतो आणि ‘चालतंय की’ म्हणालो. आठवडाभराने साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की खालून चट्चट् आवाज यायला लागला. वर थांबून वाकून पाहिलं तर जोडाच्या एका अंगाला काजळी उमटलेली, पंख्यासारखी पसरलेली, पंजाएवढी. पुढच्या वेळी मामेभावाच्या गाडीचं काम निघालं तेव्हा आधी तयारी केली आणि मगच पाना हातात घेतला.

सुरुवात खरेदीपासून. आपल्याकडे इंजिनापासून बंपरपर्यंतचं सगळंच ‘सायलेन्सर’, म्हणून दुकानात जाण्याआधी नक्की कुठून कुठपर्यंतचा तुकडा बदलायचाय ते गाडीखाली वाकून बघून घ्या. आम्ही कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागच्या जोडापासून बंपरपर्यंतचाच भाग बदलतो, कॅटला हात लावत नाही. आवाज किती होईल तेही घेण्याआधीच बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) मध्ये 2019 च्या दुरुस्तीनंतर आवाजाचे आणि धुराचे निकष मोडणाऱ्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स बाद, असं लिहिलंय. साताऱ्यात पोवई नाक्यावर पोलिसांनी अडवल्यावर ‘कंपनीचाच आहे साहेब’ हे कुणी ऐकून घेत नाही.

लिकेज इंजिनाच्या जितकं जवळ तितकं महाग पडतं. धूर सलग धारेने येत नाही, ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपातला दाब क्षणभर पडतो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती हवा ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचली की धुरात ऑक्सिजन जास्त दिसून त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज पडतं, डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो आणि आपण प्लग, कॉइल बदलत बसतो. मागचा जोड फुंकला तर आवाज आणि वास, एवढंच. पण तो वास डिकी नीट बंद होत नसेल तर गाडीत येतो, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो.

आता पॅकिंग. नवंच घ्यायचं, प्रत्येक जोडासाठी एक, आणि एखादं जास्तीचं. एकदा दाबलं गेलेलं पॅकिंग दुसऱ्यांदा तसं दाबलं जात नाही, म्हणून पुसून परत लावण्यात काही राम नाही. जुना तुकडा दुकानात घेऊन जा आणि मधलं भोक जुळवून बघा. पॅकिंगचं भोक पाइपापेक्षा लहान निघालं तर त्याची कड धुराच्या वाटेत येते आणि जळते. बऱ्याच फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्यांत पुढच्या एका जोडाला चपटं पॅकिंग नसतंच. मेदूवड्याच्या आकाराचं गोल पॅकिंग आणि स्प्रिंगचे बोल्ट असतात, कारण इंजिन हलतं तसा तो जोड थोडा हलायला हवा. त्या स्प्रिंगा काढून साधे बोल्ट कचकून आवळणारे महाभाग मी पाहिलेत.

पॅकिंग चांगलं आणि बसायची जागा खराब, असं झालं तर पैसे वाया. गाडीच्या बाजूच्या फ्लँजवर, म्हणजे बोल्टांची भोकं असलेल्या चपट्या कडेवर, जुन्या पॅकिंगची राख चिकटलेली असते. ती पत्तीने खरवडा, मग वायर ब्रश मारा. त्यानंतर स्टीलची पट्टी फ्लँजवर आडवी, उभी, तिरकी ठेवा आणि पलीकडून मोबाइलचा टॉर्च लावा. मामेभावाच्या कोऱ्या सेटवर पट्टी ठेवली तर एका बोल्टच्या भोकाजवळ केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज वाकलेला होता, नवा असूनही. तो म्हणाला, “दादा, आवळल्यावर बसंल की.” नाही बसत. मोठी सपाट कानस घेऊन अर्धा तास घासलं तेव्हा रेघ गेली. शनिवारचा तो अर्धा तास रविवारी मिळाला नसता.

सेटचे वेल्डही शनिवारीच तपासून घ्यायचे. पाइपाच्या एका तोंडाला जाड पिशवी रबराने घट्ट बांधायची, दुसऱ्या तोंडातून घरातला ब्लोअर लावायचा आणि वेल्डवर साबणाचं पाणी सोडायचं. बारीक भोक असेल तिथे फेस फुगतो. खडूने खूण करून वेल्डरकडे न्यायचं. सायलेन्सरच्या डब्याला तळाशी एक छोटं भोक मात्र मुद्दाम दिलेलं असू शकतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं, आणि गार डब्यात साठलेलं हे पाणी त्या भोकातून गळतं. ते भोक लिकेज समजून बुजवलं तर डबा आतून सडतो. स्टील खरं की खोटं हे चुंबकाने ठरवायची पद्धतही अर्धीच खरी: 304 नंबरच्या स्टेनलेसला चुंबक सहसा चिकटत नाही, पण सायलेन्सरला सर्रास वापरलं जाणारं 409 हेही स्टेनलेसच, आणि त्याला चुंबक चिकटतो.

गंजलेल्या नट-बोल्टांवर शुक्रवारी रात्री एकदा आणि शनिवारी एकदा गंज सुटायचा स्प्रे मारा. रविवारी सकाळी मारून लगेच पाना लावला तर बोल्टचं डोकंच हातात येतं. नवे बोल्ट, नट, वायसर आणून ठेवा, आटे हाताने फिरवून बघा. आटे गेलेला स्टड (फ्लँजमध्येच बसवलेला बोल्ट) शनिवारीच दिसला तर बरा, कारण रविवारी साताऱ्यात स्पेअरची किती दुकानं उघडी असतात ते आपल्याला माहीत आहे. सायलेन्सर रबरं ताणून बघा, चिरा दिसल्या तर बदला. रबर लोंबलं की सगळं वजन जोडावर येतं आणि पहिल्या चार स्पीडब्रेकरात पाइप खाली घासतो.

सरकजोडाला, म्हणजे एक पाइप दुसऱ्यात जातो तिथे, निदान दीडेक इंच पाइप आत गेला पाहिजे. त्याला रुंद पट्ट्याचा क्लँप घ्या. यू-बोल्टचा क्लँप पाइप चेपतो, आणि चेपलेला पाइप पुन्हा कधी नीट बसत नाही. एक्झॉस्ट पेस्ट लावायची ती फक्त अशा जोडाला, पातळ. पॅकिंगच्या जोडाला पेस्ट नको. साधा सिलिकॉन तर कुठेच नको, तो एवढी उष्णता सोसत नाही आणि त्याच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर खराब होतो. पुढचा पाइपही बदलणार असाल तर सेन्सरसाठी खाच असलेली 22 ची गोटी (सॉकेट) कुणाकडून तरी मागून आणा.

रविवारी गाडी सपाट जागेवर, चार लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर). नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मी जात नाही आणि कुणाला जाऊ देत नाही. इंजिन रात्रभर गार झालेलं हवं. वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची मायनसची केबल काढा.

मग सगळे तुकडे सैल लावायचे, सगळे बोल्ट नुसते हाताने फिरवून. आता सरळ उभं राहून मागून बघा, मग खाली झोपून बघा. पाइप बंपरला, ब्रेकच्या पाइपला, पेट्रोलच्या टाकीला बोटभर तरी लांब हवा. स्टेनलेसचा एक मीटर पाइप 300 अंशांनी तापला की साधारण 3 ते 5 मिलिमीटर लांबतो, आणि त्याला ती जागा लागते. दोन फ्लँजमध्ये एका बाजूला जास्त फट दिसत असेल तर बोल्ट आवळून ती मिटवू नका. बोल्टचं काम पॅकिंग दाबायचं. पाइप ओढून जागेवर आणायला तो लावला की त्याचा सगळा जोर तिकडेच जातो आणि पॅकिंगची एक बाजू सैल राहते. हँगर (रबरात अडकणारा हूक) सरकवा, क्लँप फिरवा, नाहीतर पाइप परत काढून वेल्डरकडे न्या. मामेभावाच्या गाडीचा सेट दोनदा उतरवला, तिसऱ्यांदा बोल्ट आपोआप भोकात गेले.

आवळायला सुरुवात इंजिनाकडून, शेवट बंपरकडे, समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे. मॅन्युअलमध्ये टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, दिला असेल तर टॉर्क पाना घ्या. मग उघड्यावर, गार इंजिन सुरू करून एकाला मागच्या नळीवर जाड ओली फडकी क्षणभर दाबून धरायला सांगा आणि दुसऱ्याने जोडांच्या जवळ कान न्यावा. पाइप तापायच्या आत साबणाचं पाणीही मारून घ्या.

चारही बाजूंनी शांत ऐकू आलं की प्रत्येक नटावर आणि त्याच्या शेजारच्या फ्लँजवर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढा. कराडला जाऊन या, शंभरेक किलोमीटर होतात. गाडी पूर्ण गार झाली की परत खाली जा. काजळी आहे का ते बघा, साध्या बोल्टांना पाना लावून बघा, रेघा तुटल्यात का ते बघा. सगळ्या रेघा जुळलेल्या दिसेपर्यंत जुना सायलेन्सर भंगारवाल्याला देऊ नका.