पोर बारीक आहे की कुपोषित? घरी कसं बघायचं आणि पैसे कमी असताना आधी काय करायचं

"आमच्याकडे सगळे अंगानं बारीकच" हे आधी डोक्यातून काढा. जागतिक आरोग्य संघटनेने (डब्ल्यूएचओ) २००६ ला वाढीचे जे तक्ते काढले ते भारत, घाना, नॉर्वे, ओमान, ब्राझील आणि अमेरिका अशा ६ देशांतल्या मुलांवरून, आणि नीट खायला मिळालं, आजारपण कमी असलं की पहिल्या ५ वर्षांत सगळीकडची पोरं जवळपास सारखीच वाढतात असं त्यातून दिसलं.

मूल ६ महिने ते ५ वर्षांचं असेल तर कपडे शिवायची टेप घ्या, डावा हात सैल सोडायला लावा, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मधे दंडाचा घेर मोजा, टेप आवळू नका. ११.५ सेंमीपेक्षा कमी आला तर तीव्र कुपोषण, त्याच दिवशी दवाखाना. ११.५ ते १२.५ च्या मधे असेल तरी दाखवायचंच. मग दोन्ही पावलांवर अंगठा ३ सेकंद दाबून बघा, खड्डा तसाच राहिला तर ती कुपोषणाची सूज असू शकते, आणि अशी पोरं उलट गुटगुटीत वाटतात म्हणून घरचे निवांत राहतात. एवढ्याने बुटकेपणा मात्र कळत नाही, त्याला वयाप्रमाणे उंचीच बघावी लागते.

आता पैशाचं. किती येतात यापेक्षा कसे येतात ते बघा. रोजंदारीवर घर असलं की काम नसलेल्या आठवड्यात आधी अंडी, दूध, डाळ बंद होते, धान्य तेवढं राहतं, पोट भरतं पण वाढ होत नाही. म्हणून पैसे हातात आले की त्याच दिवशी पोराच्या वाटणीची डाळ, तेल, अंडी घेऊन बाजूला ठेवा, बाकी खर्च नंतर.

एक पैसाही न लागणारी गोष्ट म्हणजे पातळ पेज बंद करणं. लहान मुलाच्या पोटात एका वेळी वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिली मावतं, म्हणजे ८ किलोच्या बाळाचं २४० मिली, आणि त्यात निम्मं पाणीच गेलं तर बाळाला मिळालं काय? चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतकं घट्ट करा, वरून थोडं तेल घाला. ६ ते ८ महिन्यांत दिवसातून २-३ वेळा, ९ महिन्यांनंतर ३-४ वेळा. ६ महिन्यांच्या आधी फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. पावडरचं दूध महाग पडतं म्हणून त्यात जास्त पाणी घालून पुरवणारे लोक असतात, ते फार वाईट.

आई कामावर जात असेल तर भरवणार कोण हे आधीच ठरवा, कारण खाणं शिजवून झाकून ठेवलेलं असतं आणि मोठं भावंड स्वतःच खेळात असतं, मग भरवायचं राहूनच जातं. जुलाब झाले तर ओआरएस द्या, डॉक्टरांना विचारून झिंक, खाणं थांबवू नका, आणि बरं झाल्यावर २ आठवडे रोज एक जेवण जास्त. आजारपणात मजुरी बुडते, औषधाला पैसे जातात, मग ते भरून काढायला परत खाण्यातूनच कापलं जातं, त्यामुळे साबणाने हात धुणं आणि लसी वेळेवर घेणं हे इथं पैसे वाचवणंच आहे.

बऱ्या पगाराच्या घरांनी हसू नये, दिवसभर बिस्किटं आणि गोड पेयं चालू असली तर तिथंही हेच होतं. दर महिन्याला त्याच काट्यावर वजन करून लिहून ठेवा, लागोपाठ २ महिने वाढलं नाही तर वही घेऊनच डॉक्टरांकडे जा.