उबुंटूत डेस्कटॉप बदलायचा? गिअर शोधा

जुना लॅपटॉप ग्नोममध्ये, म्हणजे उबुंटू या लिनक्स सिस्टिमच्या नेहमीच्या डेस्कटॉपमध्ये, रखडत असेल तर नवी सिस्टिम टाकायची घाई करू नका. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) एपीटीने, म्हणजे उबुंटूच्या सॉफ्टवेअर टाकायच्या कमांडने, एक्सएफसीई4 हे पॅकेज टाका; एक्सएफसीई हा ग्नोमपेक्षा हलका डेस्कटॉप आहे. मध्येच लॉगिन मॅनेजर (लॉगिनचा स्क्रीन दाखवणारा प्रोग्रॅम) कोणता हवा असं विचारलं, तर आहे तोच, जीडीएम3, राहू द्या.

आता पूर्ण लॉग आउट करा. नुसत्या लॉक केलेल्या स्क्रीनवर पर्याय दिसत नाही, आणि बरेच जण इथेच अडकतात. आपल्या नावावर क्लिक केलं की पासवर्डच्या चौकटीसोबत खाली उजव्या कोपऱ्यात छोटं गिअरचं चिन्ह येतं. त्यातून एक्सएफसीई सेशन निवडा, मग पासवर्ड द्या. फायली जागच्या जागीच राहतात. थीमची सरमिसळ मात्र होऊ शकते, म्हणून मी आधी वेगळं युजर खातं काढून बघते.