फाउंटन पेनच्या संग्रहातील नावे कशी उच्चारावीत

फाउंटन पेन जमवू लागलेल्या माणसाला निब आणि शाई यांची पारख हळूहळू येते. नावांचे मात्र तसे होत नाही, कारण बहुतेक नावे आपण ऐकण्याआधी छापलेली वाचतो आणि वाचताना नकळत त्यांना इंग्रजीचे नियम लावतो. संग्रहातील निम्मीअधिक नावे जर्मन, फ्रेंच, इटालियन किंवा जपानी असल्यामुळे हे नियम तेथे फसतात.

म्हणून सर्वप्रथम ते नाव कशापासून बनले आहे, हे शोधावे. ते संस्थापकाचे आडनाव असेल, साधा शब्द असेल किंवा आद्याक्षरे जोडून केलेले असेल. हायडेलबर्गच्या कोख आणि वेबर यांच्या कंपनीचे ‘कावेको’ हे नाव तिसऱ्या प्रकारातले आहे: जर्मन वर्णमालेत ‘के’ या अक्षराला ‘का’ आणि ‘डब्ल्यू’ला ‘वे’ म्हणतात, त्यांना कंपनीचा ‘को’ जोडला की नाव पूर्ण होते. एवढे कळल्यावर ‘केवेको’ म्हणण्याचे कारणच उरत नाही. तैवानच्या ‘ट्विझ्बी’ची पाच इंग्रजी अक्षरे (टी-डब्ल्यू-एस-बी-आय) सुटी वाचण्याची सवय अनेकांना असते, पण कंपनी ते नाव एक शब्द म्हणूनच उच्चारते.

त्यानंतर नावाची भाषा ठरवावी, आणि ती कंपनीच्या पत्त्यावरून ठरवू नये. मोंब्लाँ ही हॅम्बुर्गची कंपनी असली तरी पर्वताचे नाव फ्रेंच आहे, त्यामुळे त्यातील ‘टी’ आणि शेवटचा ‘सी’ उच्चारले जात नाहीत. जिनीव्हाच्या ‘कारां दाश’ची गंमत याहून मोठी आहे: पेन्सिलीसाठी असलेल्या रशियन शब्दावरून एका फ्रेंच व्यंगचित्रकाराने टोपणनाव घेतले आणि त्याच्यावरून 1924 साली या स्विस कंपनीने आपले नाव ठेवले. ‘सेलर’ ही कंपनी जपानी आहे, पण शब्द सरळ इंग्रजी आहे. तेथे अवघड उच्चार शोधत बसू नये.

भाषा ठरली की तिचे मोजके नियम लावावेत, आणि त्यांत जर्मनचे नियम आधी शिकावेत, कारण ते फारसे अपवाद न करता चालतात. त्या भाषेत ‘ए’ हे अक्षर ‘आ’ किंवा ‘अ’ असेच वाचले जाते, म्हणून ‘लॅमी’ नव्हे तर ‘लामी’ आणि ‘फेबर’ नव्हे तर ‘फाबर-कास्टेल’. शब्दाच्या आरंभी ‘एस’नंतर ‘टी’ किंवा ‘पी’ आला तर ‘श्ट’ आणि ‘श्प’ होतात. जोडशब्दाच्या दुसऱ्या भागालाही हे लागू असल्याने पेलिकानच्या शाईमालेचे नाव ‘एडलश्टाइन’ असे होते. स्वराआधीचा ‘एस’ मराठीतील ‘झाड’ या शब्दातल्या ‘झ’च्या जवळ जातो, म्हणून जुन्या ‘झ्योनेकेन’ पेनांचे नाव ‘स’ने सुरू करू नये. दोन टिंबे असलेल्या ‘यू’साठी ओठ ‘उ’सारखे गोल ठेवून ‘ई’ म्हणून पाहावे. मोंब्लाँच्या ‘माइस्टरश्ट्युक’ मधला अवघड स्वर हाच आहे. बलाघातही पाहावा: जर्मन माणूस ‘पेलिकान’ मध्ये ‘पे’वर जोर देतो.

फ्रेंचमध्ये शेवटचे व्यंजन बहुधा गळते आणि ‘एच’ मुका असतो, त्यामुळे ‘द्यूपाँ’ आणि शाईवाले ‘एर्बँ’. इटालियनमध्ये ‘सी’पुढे ‘आय’ किंवा ‘ई’ आला तरच ‘च’ होतो, एरवी ‘क’. ‘ओमास’ या नावाचा विस्तार असलेल्या ‘ओफ्फिचीना मेक्कानिका आर्मांदो सिमोनी’ या शब्दांत दोन्ही रूपे एकापाठोपाठ ऐकू येतात. जपानी नावे अक्षरागणिक सारखा वेळ देऊन म्हणावीत: ना-मि-कि, इ-रो-शि-झु-कु.

सर्वांत बेभरवशाची असतात ती इंग्रजी आडनावे. तेथे स्पेलिंग पुरेसा पुरावा नसतो, कारण घराणे जे म्हणते तोच उच्चार खरा. आयोवातील वॉल्टर शेफर यांचे आडनाव ‘शीफर’ वाचावेसे वाटते, पण ते ‘शेफर’ आहे. अशा वेळी, आणि नियम लावूनही शंका उरल्यास, कंपनीने स्वतः काढलेली चित्रफीत किंवा त्या भाषेच्या मूळ भाषकाचे ध्वनिमुद्रण ऐकावे. पेन विकणाऱ्याच्या चित्रफितीला माझ्या मते पुरावा मानू नये. तोही बहुधा तुमच्या-आमच्यासारखा वाचूनच शिकलेला असतो.

ऐकलेला उच्चार लगेच संग्रहाच्या वहीत देवनागरीत लिहून ठेवावा आणि जोर असलेले अक्षर अधोरेखित करावे. काही नावांना दोन उच्चार लिहावे लागतील. वॉटरमन यांनी 1884 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेला व्यवसाय पुढे फ्रान्समध्ये स्थिरावला, तेव्हा इंग्रजी ‘वॉटरमन’ आणि फ्रेंच वळणाचा उच्चार, दोन्ही ग्राह्य धरावेत. दुकानात किंवा संग्राहकांच्या भेटीत समोरच्याला ‘लामी’ कळले नाही, तर लगेच मॉडेलचे नाव आणि निबेचा आकार सांगावा, आणि त्याने ‘लॅमी’ म्हटले तर बोलणे न तोडता पुढच्या वाक्यात आपला उच्चार सहज वापरावा.