रात्री नऊच्या मॅचआधी घरातलं नेट

आमचं घर नागपुरात, मानेवाड्याला. तीन खोल्या, सहा माणसं आणि नेटचं कनेक्शन एकच. धाकटा भाऊ रात्री ९ ला मित्रांसोबत शूटिंग गेम खेळायला बसतो आणि साधारण त्याच वेळी मी लग्नाचे एडिट केलेले व्हिडिओ क्लाउडवर चढवते. अख्खा उन्हाळा त्याचं एकच म्हणणं होतं, की आजीच्या मालिकेमुळे लॅग येतो, म्हणजे गेम अडखळतो. शोध घेतला तेव्हा चोर मीच निघाले. स्पर्धेची मॅच ठरली असेल तर आठवडाभर आधी तयारीला लागा, कारण यातलं निम्मं काम मॅचच्या दिवशी होत नाही.

पहिलं काम मोजायचं. स्पीड टेस्टचा मोठा आकडा बाजूला ठेवा. गेमला तासाभरात फार तर काहीशे एमबी लागतात. त्याला हवं असतं ते वेळेवर जाणं-येणं. कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग लावा (निरोप जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणारी आज्ञा), त्याचा पत्ता बहुतेक राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गुगलच्या सर्व्हरला, लावा. विंडोजमध्ये शेवटी वजा टी (-t) जोडलं की आपण थांबवेपर्यंत ते चालू राहतं. पहाटे दहा मिनिटं आणि रात्री ९ ला दहा मिनिटं, आकडे वहीत लिहून ठेवा. राउटरचाच आकडा २-३ मिलिसेकंदांवरून मधेच दीडशेवर उडत असेल तर दोष घरातल्या वायफायचा. राउटर शांत आहे पण बाहेरचा आकडा उसळतो, तर एक तर घरातलं कोणी लाइन भरून टाकतंय किंवा घोळ कंपनीकडे आहे. सगळ्यांचे फोन-लॅपटॉप नेटवरून काढून पुन्हा मोजलं की या दोहोंतलं काय, तेही कळतं. आम्ही आधी प्लॅन वाढवला आणि मग मोजलं. ते पैसे पाण्यात.

किती आकड्यावर समाधान मानायचं, हेही ठरवून ठेवा. झिरो माइलचा दगड आपल्या गावात असला तरी व्हॅलोरंटसारख्या गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत. नागपूर ते मुंबई सरळ रेषेत ७०० किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन ७ मिलिसेकंद तर कोणाच्या बापाला चुकत नाहीत. त्यात केबल वळसे घेत जाते, वाटेत यंत्रं असतात. २०-३० दिसले तर तक्रार नको. पण गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हर मुंबईचा निवडलाय की सिंगापूरचा, हे स्वतः उघडून बघा. आमच्याकडे एकदा तीन दिवस सिंगापूरवर खेळणं चालू होतं आणि शिव्या राउटरला.

आता वायर. गेम खेळायच्या कॉम्प्युटरला राउटरपासून लॅन केबल ओढणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय, तरी लोक तो शेवटी करतात, कारण भिंतीवरून केबल गेलेली आईला आवडत नाही. कॅट ५ई पुरते, कॅट ६ मिळाली तर उत्तम. १०० मीटरपर्यंत दोन्ही चालतात. दुकानात शुद्ध तांब्याचीच मागा, कारण तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्तात गळ्यात मारली जाते. इलेक्ट्रिशियनकडून केसिंग पट्टी मारून घेतली की आईचाही प्रश्न मिटतो.

केबल शक्यच नसेल, घर भाड्याचं असेल, तर मग राउटरची जागा. इथे नागपूरची एक वेगळीच भानगड आहे. फायबर खिडकीतून घरात येतं आणि कूलरही खिडकीतच बसतो. बसवायला आलेला माणूस तिथेच जवळ राउटर ठोकून जातो, कारण त्याची वायर वाचते. मार्च संपता संपता कूलर बाहेर निघतो आणि राउटर त्याच्या आड जातो. पत्र्याची पेटी, आत पाण्याची टाकी, ओल्या ताट्या. पत्रा सिग्नल परतवतो, पाणी तो पिऊन टाकतं. वर चोवीस तास दमट हवा. भाऊ म्हणायचा, "जानेवारीत तर मस्त चालत होतं, आता काहून अटकून राहिलं?" राउटर तिथून हलवून दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीला लावला, आणि पिंगची पहिली खिडकी शांत झाली. गेमचं यंत्र ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. २.४ वर शेजारपाजारचे सगळे राउटर एकमेकांच्या अंगावर बोलत असतात, शिवाय मायक्रोवेव्हही तिथेच. पण ५ चा सिग्नल भिंतींना लवकर हरतो. दोन भिंतींपलीकडे बसणार असाल तर केबलचा विषय आईकडे पुन्हा काढावाच लागेल.

एवढं होऊनही पिंगची दुसरी खिडकी उसळतच होती, आणि इथे मी सापडले. माझा एक व्हिडिओ २० जीबीचा. आमचं अपलोड ४० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिट, फाइलच्या मापात ५ एमबी. म्हणजे तो चढायला तासाहून जास्त, आणि तेवढा वेळ बाहेर जाणारी लाइन काठोकाठ भरलेली. तर्री पोह्याच्या ठेल्यावर तुम्हाला एकच प्लेट हवी असते, पण पुढचा पन्नास पार्सल बांधून घेतोय, असं ते. गेमचं पॅकेट, म्हणजे डेटाचं पुडकं, इवलंसं, तरी रांगेत उभं. तपासायचं असेल तर पिंग चालू ठेवून शेजारी स्पीड टेस्ट लावा. अपलोडची पाळी आल्यावर २५ चे २५० झाले, तर रोग हाच. आजीची मालिका मात्र निर्दोष सुटली: एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस पुरतात आणि तेही येणाऱ्या लाइनवर.

उपाय दोन पातळ्यांवर. साधा म्हणजे प्रत्येक अपलोडला लगाम. गुगल ड्राइव्हच्या कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅपमध्ये अपलोडचा वेग बांधून देता येतो. मी तो निम्म्यावर आणला आणि मोठे व्हिडिओ जेवणानंतर नाही, झोपताना लावते. सगळ्यांच्या फोनमधला फोटो बॅकअप, आणि विंडोज अपडेटमधली इतर कॉम्प्युटरांना अपडेट वाटण्याची सोय बंद करा. ही दुसरी तर कोणाच्या लक्षातच नसते. पक्का उपाय राउटरमध्ये. त्यात क्यूओएस किंवा एसक्यूएम, म्हणजे कोणाचं पॅकेट आधी सोडायचं हे ठरवायची सोय, असेल तर रात्री ९ ला मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर मर्यादा घाला. थोडा वेग आपणहून सोडल्यामुळे रांग कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे एका प्लेटवाल्याला आधी सोडता येतं. कंपनीने दिलेल्या डब्यात ही सोय बहुधा नसते. ओपनडब्ल्यूआरटी (ही सोय असलेली राउटरची मोफत प्रणाली) चालणारा राउटर घेतलात तर कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नुसती लाइन पुढे देण्यापुरता, टाकायला सांगा, नाहीतर दोन राउटरच्या भांडणात व्हॉइस चॅट जोडताना त्रास होऊ शकतो.

वीज. इन्व्हर्टरवर फक्त राउटर नाही, फायबर ज्यात शिरतं तो डबाही हवा. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात राउटर रीस्टार्ट होत असेल तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मधे लावा; घेण्याआधी अ‍ॅडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून बघा.

घरातलं सगळं नीट करूनही रात्रीचे आकडे वाईट असतील तर कंपनीला फोन करा, पण वहीतले आकडे समोर ठेवून. "नेट स्लो आहे" म्हटलं की "राउटर रीस्टार्ट करा" हेच उत्तर येतं. "केबलवर राउटर १ मिलिसेकंद, सकाळी बाहेरचा २४, रात्री ९ ला ११० आणि शंभरातली सहा पॅकेटं हरवतात" म्हटल्यावर समोरच्याला वरच्या माणसाकडे फोन द्यावाच लागतो.

मॅचच्या दिवशी फार काही उरत नाही. गेमचा अपडेट दुपारीच उतरवून घ्या. फोन चार्ज करून यूएसबी केबलने कॉम्प्युटरला एकदा जोडून बघा, म्हणजे लाइन गेलीच तर मोबाइल डेटावर यायला मिनिटभर पुरेल. घरात सांगून ठेवा, तेही जेवायला बसल्यावर. मॅचच्या मधे ओरडून सांगितलेलं आमच्याकडे कोणी ऐकत नाही. नऊला पाच कमी असताना पिंगची खिडकी शेवटची उघडा. २५ च्या आसपास दिसलं की बंद करून टाका. भावाने ती चालू ठेवली होती. अर्धं लक्ष आकड्यांकडे, आणि पहिलाच राउंड गेला.